तळ्यावरील कामगार आणि मोबाईलचे शिक्षण

नाशिक जिल्ह्यात पाणी साठविण्याची दोन साधने विशेषेकरून नजरेस येतात. पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, नाशिक व दिंडोरी या तालुक्यांत दारणा, मुकणे, भावली, गंगापूर, करंजवण, वाघाड ही धरणे आहेत. आणि निफाड, चांदवड, सिन्नर, येवला या भागांत फळबागा उन्हाळ्यात जगाव्यात म्हणून शेतकऱ्यांनी खणलेली, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आहेत. या दोन्ही पाण्यांत मासे वाढविले जातात. धरणांत ते काम मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत चालते, शेततळ्यांत मालकाच्या स्वतःच्या हिशोबाने. कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली पावसाळ्याच्या तोंडी सोडावयाची आणि पुढील उन्हाळ्यात पाणी उतरू लागले की मासळी काढावयाची, हा क्रम आता पुष्कळांच्या अंगवळणी पडला आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीसमकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे शेतकरी बांधवांचे या जोडधंद्याकडे अधिक लक्ष वेधले गेले, हे साहजिकच आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र मासा हा नसून मासा सांभाळणारा माणूस हा आहे. शेततळ्याच्या बांधावर पत्र्याच्या खोलीत राहणारा सालदार, धरणात थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकणारा संस्थेचा सभासद, आणि आठवडे बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणारी त्याची कारभारीण, ही या धंद्यातील खरी माणसे होत. मोबाईलवरून माहिती मिळविण्याची, नोंद ठेवण्याची व पैसे घेण्यादेण्याची विद्या आज शेतमालकापर्यंत बरीचशी पोहोचली आहे. तळ्यावर रात्र काढणाऱ्या माणसापर्यंत ती पोहोचलेली नाही. वास्तविक तिची पहिली गरज त्यालाच आहे, आणि ती का आहे हे तळ्यावरील एका पहाटेवरून समजून येईल.

पहाटेचा प्राणवायू

तळ्याच्या पाण्यात हिरवे सूक्ष्म शेवाळ असते. दिवसा उन्हात ते प्राणवायू तयार करते आणि मासे तो घेतात. सूर्य मावळला म्हणजे ही निर्मिती थांबते. परंतु मासे, शेवाळ व तळाशी कुजणारा गाळ यांचे प्राणवायू घेणे रात्रभर चालूच राहते. त्यामुळे पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण पहाटे सर्वांत कमी असते. पाणी जितके कोमट तितकी त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती कमी, ही आणखी एक अडचण. २० अंश तपमानाच्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसातच. माशांची वाढ चांगली व्हावयाची तर हे प्रमाण ५ च्या वर असावे. ते ३ च्या खाली गेले की मासे कासावीस होतात, पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात, आणि उपाय झाला नाही तर उजाडेपर्यंत पांढरी पोटे वर करून तरंगू लागतात. ढगाळ हवा दोनतीन दिवस टिकली असेल तर हा धोका फार वाढतो, कारण दिवसाची भरच अपुरी पडलेली असते.

आता हा प्रसंग घडतो तेव्हा जवळ कोण असते? मालक गावात किंवा नाशिक शहरात झोपलेला असतो. त्याच्या मोबाईलवर हवामानाचा संदेश आलेला असतो, मत्स्यपालनाच्या गटात कोणी तज्ज्ञाने "ढगाळ हवेत खाद्य कमी करा" असे लिहिलेलेही असते. तळ्यावर सालदार असतो. त्याच्या खिशातही मोबाईल असतो. परंतु त्यावर तो बोलतो, गाणी ऐकतो आणि फार तर मुलाने लावून दिलेले चित्रपट पाहतो. प्राणवायू मोजण्याचे यंत्र मालकाच्या कपाटात असते. मासे मेल्यावर दोघांची गाठ पडते, आणि पहिला प्रश्न "तू काय करीत होतास?" हाच असतो.

या प्रश्नास उत्तर देण्याचे साधन सालदाराजवळ नसते. खाद्य किती टाकले, पंप केव्हा चालविला, वीज किती वाजता गेली, या कशाचीही नोंद त्याच्या हातची नसते. नुकसानीचा आकडा त्याच्या उचलीत मिळविला गेल्याची उदाहरणे प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत. कोणाचे चुकले हे ठरविण्याचा येथे हेतू नाही. नोंद नसली की बोल दुबळ्याच्या माथी जातो, एवढेच सांगावयाचे आहे.

ही माणसे शिकतील काय?

काही शेतकरी असे म्हणताना आढळतात की, "आमचा माणूस अडाणी आहे, त्याला यंत्र कसे कळणार?" या शंकेस मत्स्यव्यवसायाच्या इतिहासातच उत्तर आहे. पूर्वी कटला, रोहू यांचे बीज पुराच्या वेळी नदीतून गोळा करावे लागे. त्यात नको त्या जातींची पिले मिसळलेली असत. दिनांक १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशांच्या मस्तकातील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्प जातींचे प्रजनन तळ्यात घडवून आणले. हा दिवस आपण मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. ही पद्धत पुढे देशभर मत्स्यबीज केंद्रांवर गेली तेव्हा माशाला धरणारे, ग्रंथी काढणारे, अर्क तयार करणारे हात कोणाचे होते? बहुतेक ठिकाणी ते केंद्रावरील साध्या कामगारांचेच होते. मादीच्या वजनाच्या दर किलोस पहिल्या वेळी दोन ते तीन मिलिग्रॅम आणि सुमारे सहा तासांनी पुन्हा पाच ते आठ मिलिग्रॅम, असे मोजमाप त्यांनी हाताने केले. मिलिग्रॅमचा हिशोब ज्यांनी पेलला त्यांच्या वारसांस मोबाईलवरील बटणे जड जातील, असे मानण्यास काही आधार दिसत नाही. पद्धत शिकविणारा मात्र पाहिजे.

सुरुवात आकड्यांपासून

पहिला धडा मोबाईलचा न घेता आकड्यांचा घ्यावा, असे अनुभवावरून सांगावेसे वाटते. मोबाईलच्या कळांवर, वजनकाट्यावर आणि प्राणवायूमापकावर इंग्रजी आकडे असतात. आपल्या शाळेत दोनतीन इयत्ता शिकलेल्या माणसास मराठी आकडे येतात, आणि तेथेच घोटाळा होतो. इंग्रजी नऊ हा आकडा पुष्कळांस मराठी एकासारखा दिसतो. इंग्रजी आठ हा मराठी चारासारखा भासतो. कल्पना करा की, मापकावर आठ आला आहे आणि सालदाराने तो चार वाचला. तो रात्रभर पंप चालवील व वीज फुकट जाईल; एवढ्यावर निभावले म्हणावयाचे. परंतु एकाचा मालकास फोनवरून सांगितलेला आकडा दुसऱ्याने भलताच समजला तर निर्णयही भलताच होतो.

दशांश चिन्हाचेही तसेच. मापकावरील तीन, टिंब, पाच हा साडेतीन होय, पस्तीस नव्हे. ते टिंब इतके बारीक असते की पहाटेच्या अंधारात ते दिसतच नाही. यासाठी पत्र्याच्या खोलीच्या भिंतीवर एक पुठ्ठा लावावा. त्यावर डाव्या बाजूस मराठी व उजव्या बाजूस इंग्रजी आकडे मोठ्या अक्षरांत काढावेत, आणि खाली तीन पट्टे रंगवावेत. पाच व त्याहून अधिक असेल तर हिरवा. तीन ते पाच असेल तर पिवळा, म्हणजे सकाळचे खाद्य थांबवावे व मालकास कळवावे. तीनच्या खाली असेल तर तांबडा, म्हणजे कोणास न विचारता पंप किंवा हवा देणारे यंत्र सुरू करावे. यातील "कोणास न विचारता" हे शब्द मालकाने सालदारासमक्ष एकदा स्वतः उच्चारावेत. आकडा वाचता येऊनही अधिकार नसल्यामुळे हात न हलविणारी माणसे पुष्कळ असतात.

मापकाची निगा हा याच धड्याचा भाग होय. त्याच्या टोकाशी असलेला नाजूक पडदा फाटला किंवा त्यावर शेवाळ साचले तर आकडा खोटा येतो. वापरानंतर टोक स्वच्छ पाण्याने धुवावे आणि ठरलेल्या दिवशी सोबतच्या पत्रकाप्रमाणे यंत्राची शून्यशुद्धी करून घ्यावी. सामू मोजण्याच्या लेखणीस पुडीतील प्रमाणित द्रावणात बुडवून तपासण्याची सवय लावावी. ज्यांच्याकडे मापक नाही त्यांनी थेंब टाकून रंग पाहण्याची पेटी वापरावी. मात्र रंग सावलीत, दिवसाच्या उजेडात पाहावा. विजेच्या पिवळ्या दिव्याखाली काढलेले छायाचित्र तज्ज्ञास पाठविले तर तो तरी काय सांगणार?

खाद्याचा हिशोब

मोबाईलमधील गणनयंत्राचा उपयोग शिकविण्यास खाद्याइतके सोयीचे उदाहरण नाही. समजा, दहा गुंठ्यांच्या तळ्यात ८०० मासे जिवंत आहेत. पागाने वीस मासे धरावेत. रिकाम्या बादलीत थोडे पाणी घेऊन ती काट्यावर ठेवावी व काटा शून्यावर आणावा. मग मासे सोडून वजन पाहावे. ते पाच किलो भरले तर एका माशाचे वजन २५० ग्रॅम झाले. ८०० माशांचे एकूण वजन २०० किलो. त्याच्या दोन टक्के दराने रोजचे खाद्य चार किलो होते.

हेच वजन न करता कोणी अंदाजाने मासा ४०० ग्रॅमचा धरला तर खाद्य सहा किलो चारशे ग्रॅम पडेल. दररोज दोन किलो चारशे ग्रॅम जास्त, म्हणजे महिन्यास बहात्तर किलो. पैसा तर जातोच; शिवाय न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते, प्राणवायू ओढते आणि अमोनिया वाढविते. वर वर्णिलेल्या पहाटेची तयारी अशा रीतीने आपणच करून ठेवलेली असते. दर पंधरा दिवसांनी हे वजन घ्यावे. पहिल्या दोन खेपांस कार्यकर्त्याने सोबत बसावे. तिसऱ्या खेपेस आकडे सालदारानेच दाबावेत आणि आपण हात मागे बांधून उभे राहावे. हे शेवटचे काम शिकविणाऱ्यास सर्वांत कठीण वाटते.

नोंदीसाठी आरंभीच एखादे ॲप घेऊन देण्याची घाई करू नये. चांदवड भागातील एका तळ्यावर सालदाराने टाकलेल्या प्रत्येक बादलीमागे कोळशाने भिंतीवर एक रेघ ओढण्याची पद्धत ठेवली होती. पाचवी रेघ आडवी. पावसाच्या ओलीने महिन्याभरात भिंत पुसून गेली. त्याला वहीवर रेघा ओढावयास आणि रोज संध्याकाळी त्या पानाचे मोबाईलने छायाचित्र घ्यावयास सांगितले, एवढाच बदल केला. मोबाईलमधील छायाचित्राबरोबर तारीख व वेळ आपोआप जतन होते. वही भिजली तरी चित्र राहते, आणि पुढे वाद निघाल्यास रेघांना साक्षीदार मिळतो. ज्यास लिहिता येत नाही त्याने बोलून नोंद करावी. "आज चार किलो टाकले, वीज रात्री दोन वाजता गेली, चारला आली," असा आवाजी संदेश मालकास पाठविता येतो आणि तो पाठविणाऱ्याच्या मोबाईलमध्येही राहतो. मालेगाव, कळवण, बागलाण या बाजूंस तो अहिराणीत असेल, सुरगाण्याकडे कोकणी बोलीत असेल, असू द्यावा. शुद्ध मराठीचा आग्रह येथे धरू नये. ऐकणाऱ्यास समजले की काम झाले.

रोग आणि वीज

माशांच्या अंगावर तांबडे व्रण दिसले, कल्ले फिके पडले किंवा अंगास उवा लागल्या तर पूर्वी मेलेला मासा पिशवीत घालून तालुक्यास न्यावा लागे. तेथे पोहोचेपर्यंत तो कुजे व निदान राहून जाई. आता जिवंत किंवा नुकत्याच मेलेल्या माशाचे छायाचित्र तळ्यावरूनच पाठविता येते. जून २०२३ मध्ये केंद्र शासनाने "रिपोर्ट फिश डिसीज" नावाचे ॲप याच कामासाठी सुरू केले असून लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ते तयार केले आहे. छायाचित्र कसे घ्यावे हे मात्र शिकवावे लागते. मासा ओल्या गोणपाटावर आडवा ठेवावा, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे म्हणजे आकार समजतो, एक चित्र पूर्ण माशाचे व एक जवळून व्रणाचे घ्यावे, कल्ल्याचे झाकण उचलून तिसरे घ्यावे. सोबत किती मासे मेले, पाण्याचा रंग कसा आहे आणि गेल्या आठवड्यात तळ्यात काय टाकले, हे सांगावे. एवढी माहिती असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यास दुरूनही सल्ला देणे सुलभ होते. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनाशुल्क क्रमांक प्रत्येक कामगाराच्या मोबाईलमध्ये आपण स्वतः नोंदवून द्यावा. पाठ करावयास सांगून उपयोग नाही.

धरणावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट प्राणमोलाची आहे. वैशाख-ज्येष्ठात आणि परतीच्या पावसात दुपारनंतर वीज पडते. उघड्या पाण्यावर तराफ्यात बसलेला माणूस हाच आसपासचा सर्वांत उंच बिंदू असतो. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले "दामिनी" हे ॲप आपल्या ठिकाणापासून वीस व चाळीस किलोमीटरांच्या आत वीज पडत असल्यास तसे दाखविते. त्यासाठी मोबाईलचे स्थानदर्शन चालू ठेवावे लागते, हे पुष्कळांस माहीत नसते. मोबाईल प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत गळ्यात बांधावा. धरणाच्या मध्यभागी संदेश मिळेलच अशी खात्री धरू नये. निघण्यापूर्वी काठावर एकदा पाहावे, आणि पहिला गडगडाट कानी येताच कोणत्याही ॲपची वाट न पाहता काठ गाठावा. झाडाखाली मात्र उभे राहू नये.

नंबर कोणाचा?

आतापर्यंत माशांचे झाले. आता माणसाच्या हक्काची गोष्ट. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमार, मत्स्यशेतकरी व मत्स्यकामगार यांच्यासाठी सामूहिक अपघात विम्याची तरतूद करण्यात आली. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लक्ष रुपये, कायमच्या अंशतः अपंगत्वास अडीच लक्ष रुपये व रुग्णालयातील उपचारास पंचवीस हजार रुपये, असे तिचे स्वरूप असून हप्त्याचा भार लाभार्थ्यावर टाकलेला नाही. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंच सुरू झाला. या धंद्यातील प्रत्येकाची त्याच्या कामानुसार नोंद व्हावी हा त्याचा हेतू आहे, आणि त्यात तळ्याच्या मालकाप्रमाणे तळ्यावरील कामगारासही स्वतंत्र स्थान आहे. ही नोंदणी मोबाईलवरून किंवा सामाईक सेवा केंद्रातून करता येते.

नोंदणीच्या वेळी मोबाईलवर सहा आकडी सांकेतांक येतो, ज्यास सर्वजण ओटीपी म्हणतात. तो कोणाच्या मोबाईलवर येतो, या एका प्रश्नावर पुढचे सारे अवलंबून आहे. पुष्कळ सालदारांच्या आधार कार्डास मालकाचा, सोसायटीच्या चिटणीसाचा किंवा सेवा केंद्र चालविणाऱ्याचा नंबर जोडलेला आढळतो. त्या वेळी ती सोय वाटली, कारण स्वतःचा नंबर नव्हता. परंतु सालदाराचे साल पाडव्याला किंवा आखाजीला फिरते. तो निफाड सोडून येवल्यास जातो. नंबर निफाडातच राहतो. बँकेचा संदेश जुन्या मालकास जातो, योजनेचा ओटीपी त्यालाच जातो, आणि दुर्दैवाने अपघात घडला तर घरच्यांस नोंदणी झाली होती किंवा नाही हेही कळत नाही. मालक प्रामाणिक असला तरी हा त्रास टळत नाही; तो नसला तर काय होईल हे सांगावयास नको.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील मत्स्यकामगारांची यादी करून प्रथम एवढेच पाहावे की, आधारला व बँकखात्याला जोडलेला नंबर ज्याचा त्याच्याच खिशात आहे काय. नसल्यास तो बदलून घ्यावा. २०२१ पासून हे काम पोस्टमनमार्फत घरबसल्याही होऊ शकते. नंबर एकदा जोडला की तो जिवंत ठेवावा लागतो. बराच काळ रिचार्ज न केल्यास तो बंद होऊन पुढे दुसऱ्या कोणास दिला जाऊ शकतो. ओटीपी कोणास सांगावा व कोणास नाही, याचा सराव नाटकासारखा करून घ्यावा. कार्यकर्त्याने बाजूस जाऊन फोन करावा, "मी बँकेतून बोलतो, आलेला नंबर सांगा" असे म्हणावे आणि कोण सांगतो ते पाहावे. आमच्या एका वर्गात अकरांपैकी सात जणांनी सांगितला. हसू झाले, पण पुढच्या खेपेस एकानेही सांगितला नाही.

आठवडे बाजारात बसणाऱ्या भगिनींची अडचण निराळी आहे. गिऱ्हाईक चौकोनी चित्रावर मोबाईल धरते, "पैसे पाठविले" म्हणते व मासे घेऊन जाते. ते चित्र मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्याचे असेल तर तिला पैसे आले की नाही हे समजण्यास मार्ग नाही. खाते तिचे स्वतःचे असावे. पैसे आल्याचा आवाज किंवा बँकेचा संदेश आल्याशिवाय पिशवी हातात देऊ नये. गिऱ्हाईकाच्या पडद्यावर दाखविलेले चित्र हा पुरावा नव्हे. आणि मुख्य गोष्ट अशी की, पैसे मिळण्यासाठी गुप्त पिन कधीही दाबावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार, हे सूत्र तिच्या मनावर बिंबवावे. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी; जितका उशीर तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

वर्ग कोठे व कसा भरवावा

ग्रामीण भागातील लोकांस संगणक व मोबाईल यांचे प्राथमिक ज्ञान द्यावे म्हणून २०१७ मध्ये केंद्र शासनाने मोठी मोहीम हाती घेतली होती. मार्च २०२४ अखेर तिची मुदत संपली तेव्हा सहा कोटींहून अधिक लोकांनी शिक्षण घेतले होते. त्या मोहिमेत एका कुटुंबातील एका व्यक्तीस शिकवावयाचे, असा नियम होता. घरातील एकच माणूस निवडावयाचा तर तळ्यावर राखणीस असलेल्या माणसाची पाळी येणे कठीणच. तेव्हा उरलेले काम आपणांस तळ्यावरच जाऊन केले पाहिजे.

प्रस्तुत लेखकाचा पहिला वर्ग फसला, हे येथे नमूद करणे योग्य होईल. ग्रामपंचायतीच्या सभागृहात दुपारी दोन वाजता पडदा लावून चित्रे दाखविली. मालक मंडळी आली, पुढच्या खुर्च्यांवर बसली व त्यांनी चांगले प्रश्न विचारले. कामगार दाराशी उभे राहिले आणि चहा झाल्यावर निघून गेले. मालकासमोर "मला येत नाही" असे म्हणण्यास कोणी धजत नाही, हे ध्यानात येण्यास आम्हांस आणखी दोन वर्ग घालवावे लागले. पुढे तीनचार शेजारच्या तळ्यांवरील पाचसहा माणसांस एका बांधावर, सकाळचे खाद्य टाकून झाल्यावर, एकत्र बसविले. प्रत्येकाने स्वतःचाच मोबाईल आणावा, त्याची काच फुटलेली असली तरी चालेल. दुसऱ्याच्या नव्या मोबाईलवर शिकलेले आपल्या जुन्यावर सापडत नाही. एका बैठकीत एकच गोष्ट घ्यावी. आवाजी संदेश म्हणजे फक्त आवाजी संदेश. पुढील आठवड्यात त्यांच्यापैकीच एकाने ती दुसऱ्यास शिकवून दाखवावी. भगिनींचा वर्ग बाजाराच्या आदल्या दिवशी, शिकविणारी स्त्री असेल तर उत्तम.

भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेचे "मत्स्य सेतू" हे ॲप २०२१ पासून उपलब्ध आहे. त्यातील पाठ कार्यकर्त्याने अगोदर स्वतः पाहून, जो भाग त्या आठवड्याच्या कामास लागू असेल तेवढाच गटास समजावून सांगावा. नाशिकमध्येच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. जे शाळेपर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्यापर्यंत शिक्षण न्यावे या विचाराने १९८९ मध्ये ते स्थापन झाले, आणि जिल्ह्यातील एक कृषी विज्ञान केंद्रही त्याच्याकडे आहे. शिक्षणाच्या साहित्यासाठी व मार्गदर्शनासाठी तेथे विचारणा करण्यास संकोच बाळगू नये.

मोबाईल चार्ज करण्याची सोय हा किरकोळ वाटणारा प्रश्न वर्गापूर्वीच सोडवावा. पत्र्याच्या खोलीत बहुधा एकच दिवा असतो व वीज रात्रीची येते. मालकाने पंपाच्या पेटीशेजारी चार्जिंगसाठी एक जागा काढून द्यावी. खर्च नगण्य आहे. प्राणवायूमापकही त्याच पेटीवर खुंटीस टांगावा. एका शेतकऱ्याने आमच्या सांगण्यावरून तो कपाटातून काढून तेथे आणला, तेव्हा त्याच्यावरील कारखान्याचे प्लॅस्टिकचे वेष्टनही निघालेले नव्हते. त्याच्या सालदाराने ते फाडले, टोक पाण्यात सोडले आणि भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे दोनदा पाहून सांगितले, "सहा, टिंब, दोन. हिरवा आहे."